हात आधी, सुचणं मागून: ११ महिन्यांनी कामावर परतलेल्या डिझायनरला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. वडिलांना पक्षाघात झाला आणि त्यांच्यासाठी तुम्ही ११ महिने काम थांबवलंत. औषधांच्या वेळा, व्यायाम, रात्रीची जागरणं. अर्धवट कापलेल्या पट्टीवर औषधाचं नावच उरत नाही म्हणून मार्करने नावं लिहून ठेवायचात, हेही तुम्ही ओघात लिहिलंय. आता ते बरेच सावरलेत आणि तुम्ही जुन्याच टीममध्ये ग्राफिक डिझायनर म्हणून पुन्हा रुजू झालात. तिसरा आठवडा चालू आहे. पूर्वी ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय त्याचा मजकूर, वाचता वाचता दोन-तीन दिशा डोळ्यांपुढे यायच्या, आता दुपारपर्यंत फाइल कोरीच असते. जे काही होतं ते फालतू आहे किंवा कुणाची तरी नक्कल आहे हे लगेच कळतं आणि तुम्ही ते पुसून टाकता. सकाळी निघावंसं वाटत नाही. सुचण्याची ताकद कायमची गेली का, आणि उत्साह परत आणायचा कसा, हे तुमचे दोन मुख्य प्रश्न.

मी २४ वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं आणि पॅकेजिंग करते आहे, त्यातली गेली १३ वर्षं टीम सांभाळते. बाळंतपण, आजारपण, शिक्षण, नोकरी जाणं, घरातला मृत्यू अशा कारणांनी लांब राहून परतलेल्या बऱ्याच जणांचे पहिले महिने मी शेजारी बसून पाहिलेत. मणक्याच्या ऑपरेशननंतर मी स्वतः नऊ महिने बाहेर होते.

तुम्ही लिहिलेल्यातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली: केलेलं फालतू आहे हे तुम्हाला लगेच कळतं. म्हणजे तुमची नजर शाबूत आहे. आपल्या कामात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र चालतात. हात काढत जातो आणि नजर निवडत जाते. नजरेचा सराव सुटत नाही, कारण घरी असतानाही तुम्ही लेबलं, पाट्या, स्क्रीन, पानं बघतच होतात आणि मनातल्या मनात ताडतही होतात. हाताला मात्र रोजचं काम लागतं, आणि ते ११ महिने मिळालं नाही. आता नजर पूर्वीइतकीच तीक्ष्ण आहे आणि हात जड झालाय. या दोघांतलं अंतर आतून अगदी ‘माझं सुचणंच संपलं’ असं वाटतं. मी परतले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं आणि ते खरं नव्हतं. हात नजरेपर्यंत पुन्हा पोहोचतो. नजरच बोथट झाली असती तर मला जास्त काळजी वाटली असती.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विस्मरणावरचं काम प्रसिद्ध केलं. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ करायच्या आणि किती काळाने किती विसरलं ते मोजायचं, अशी त्याची पद्धत होती. त्याच्या कामातला विसरण्याचा आलेख सगळ्यांना माहीत असतो. पण हे मोजलं कसं, तर विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो यावरून. ती वाचलेली मेहनत म्हणजे आत शिल्लक राहिलेलं. पाठांतर आणि डिझाइन एक नव्हे, हे मान्य. तरी परतलेल्या माणसांमध्ये मी हीच शिल्लक पुन्हा पुन्हा पाहिली आहे. पहिल्यांदा शिकायला दोन वर्षं लागलेलं दोन महिन्यांत हाताशी येतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं चुकीच्या माणसाला सांगितल्यासारखं होईल.

पहिला मुद्दा, तुमचे ११ महिने विश्रांतीचे नव्हते. लोक ‘मोठी सुट्टी झाली, आता ताजंतवानं वाटत असेल’ म्हणतात आणि आपणही नकळत तेच धरून चालतो. रुग्णाजवळचं मन सतत कानोसा घेत असतं: श्वास नीट आहे ना, पाय घसरणार नाही ना, गोळी राहिली नाही ना. काय बिघडेल ते आधी हेरायची सवय मनाला महिनोन् महिने लागलेली आहे. सुचायला मन थोडं सैल सुटावं लागतं, भरकटू द्यावं लागतं, आणि इतके दिवस तुम्हाला भरकटायची मुभाच नव्हती. त्यामुळे स्केच करतानाही तेच पहारा देणारं मन चुका शोधत बसतं. ही सवय सुटायला वेळ लागेल, आणि त्यासाठी झोप हा पहिला उपाय आहे. रात्री अजूनही अर्धे कान उघडे ठेवून झोपत असाल, तर आठवड्यातल्या निदान दोन-तीन रात्री ती जबाबदारी घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. हे कामाबाहेरचं वाटेल, पण मी सांगणार असलेल्या प्रत्येक गोष्टीआधी ते यायला हवं.

दुसरा मुद्दा, रजेवर जाण्याआधी तुम्ही कसे होतात? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर झालेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी जोडलेली स्थिती म्हटलं आणि तिच्या तीन खुणा दिल्या: शक्ती आटल्यासारखी वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. जाण्याच्या आधीच्या वर्षभरात या तिन्ही असतील, तर तुमची अडचण हाताला चढलेल्या गंजाची नाही. जिथे भाजलं त्याच तव्यावर तुम्ही परत आला आहात. मग कामाचा बोजा, डेडलाइन ठरवण्यात तुमचं मत, रिव्ह्यूला किती माणसं बसतात, हे बदलावं लागेल. कितीही सराव केला तरी त्याने हे सुटणार नाही.

तिसरा मुद्दा थोडक्यात, पण गंभीरपणे. दोन आठवडे किंवा जास्त काळ, दिवसाचा बराच भाग, कामातच काय पण आवडत्या कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर त्याच दिवशी भेटा. दीर्घ शुश्रूषेनंतर, माणूस बरा झाल्यावरसुद्धा, असं होतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मी डिझायनर आहे, त्यात माझा सल्ला पुरेसा नाही.

हे तिन्ही पडताळून ‘मला मुख्यतः गंजच चढलाय’ असं वाटलं, तर पुढचं तुमच्यासाठी.

मी परतले त्या पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड काम मागून घेतलं. एका मोठ्या मालिकेची मुखपृष्ठं होती. मी अजून तीच आहे हे मला दाखवायचं होतं. तीन आठवडे मी त्यात रुतले. शेवटी आमच्या वरिष्ठांनी काही न बोलता ते काम काढून घेतलं आणि मला दहा दिवस नुसती हातकामं दिली: मजकुरातल्या दुरुस्त्या बसवणं, एका आकाराचा लेआउट दुसऱ्या आकारात नेणं, ब्लीड (कापताना जाणारी कडेची जादा छपाई) तपासून फाइल छपाईला तयार करणं. मला ते फार लागलं. आठव्या दिवशी एका मागच्या कव्हरवर दुरुस्ती करताना, कुणी सांगितलेलं नसताना, मी मजकुराचा ठोकळा दोन मिलिमीटर खाली घेतला, कारण वर तो गुदमरत होता. तेवढंच. पण कित्येक महिन्यांनी मी विचार न करता एक निर्णय घेतला होता आणि तो बरोबर होता. सुचणं तिथून परतायला लागलं. त्या दहा दिवसांचं ऋण मी अजून मानते आणि आता परतलेल्या प्रत्येकाला पहिले दोन आठवडे तीच कामं देते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्याने केलेलं पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यातली पहिली वाट सर्वांत बळकट. सहकारी ‘तू तर मस्त काम करायचास, होईल’ म्हणतात तेव्हा बरं वाटतं, पण कोरी फाइल उघडली की ते टिकत नाही. दोन मिलिमीटरचा बरोबर निर्णय टिकतो. उत्साहाचंही तसंच. तो आधी येईल मग काम सुरू करू, असं आपण धरतो. नैराश्यावरच्या उपचारांची एक शाखा १९७० च्या दशकापासून याच्या उलट क्रमावर उभी आहे: मन तयार व्हायची वाट न बघता आधी छोटी, ठरलेली कृती करायची, मनःस्थिती मागून हलते. ती आजारासाठीची पद्धत आहे हे मी विसरत नाही, पण हा क्रम कामाच्या टेबलापाशीही खरा ठरताना मी पाहिला आहे.

हात थोडा चालू लागला की नजर आणि हात यांना वेळेने वेगळं करा. मी असं करते: सकाळी, ईमेल उघडायच्या आधी, कागद-पेन्सिल घेऊन २५ मिनिटांत २० थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं. काडेपेटीएवढे चौकोन, त्याहून मोठे नाहीत, म्हणजे नटवायला जागाच उरत नाही. खोडरबर नाही. कागद उलटा ठेवायचा आणि दुपारी तीन-चारला उघडायचा. तेव्हा नजरेला हवं तेवढं बोलू द्या. पहिले सात-आठ चौकोन हमखास कुठेतरी पाहिलेले निघतील. वापरात नसलेल्या विहिरीचं वरचं पाणी असंच असतं, ते उपसल्याशिवाय खालचे झरे मोकळे होत नाहीत. तुम्ही आज जे पुसून टाकताय ते हेच वरचं पाणी आहे. पुसल्यामुळे ते बाहेर जात नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वर येतं. कागदावर उतरवलं तर संपतं. माझ्याकडे नवव्या-दहाव्या चौकोनानंतर हात स्वतःचं काढायला लागतो. सुरुवातीला वीसही होणार नाहीत, बारा झाले तरी चालतील.

‘सगळं दुसऱ्यासारखं वाटतं’ यावर मला फार उपयोगी पडलेला एक सराव आहे. स्वतःचं एक जुनं, अजूनही आवडणारं काम निवडा. मूळ फाइल न उघडता, फक्त छापील प्रत समोर ठेवून ते पुन्हा शून्यातून बांधा. ही अक्षरं का घेतली, हा समास इतका का सोडला, हा रंग कुठून आला, हे बोटांना आठवत जातं. आणि बहुतेक वेळा अर्ध्या वाटेवर वाटतं, आज मी हे असं केलं नसतं. तिथे थांबा आणि आजचं करा. परतल्यानंतर माझं स्वतःचं म्हणावं असं पहिलं काम असंच, जुन्या मुखपृष्ठावर नवा हात फिरवताना झालं.

दुसऱ्यांची उत्तम, तयार कामं तासन् तास बघणं मात्र या काळात कमी करा. सगळे ‘प्रेरणा घे’ म्हणतात, पण तयार काम नजरेला आणखी धार लावतं आणि हात आणखी घाबरतो. त्याऐवजी कच्चं बघा. छापखान्यात जाऊन शाई कागदावर कशी बसते ते पाहा. ज्या वस्तूचं पॅकेजिंग करताय ती कुणाला उघडायला द्या आणि बोटं कुठे अडतात ते पाहा. एक तास असं पाहिल्यावर ब्रीफ वेगळं वाचलं जातं, कारण त्यात आता खरा माणूस असतो.

‘ब्रेकनंतर कल्पना आपोआप येतात’ हेही तुम्हाला कुणी सांगितलंय. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनी १९०८ मध्ये स्वतःचा अनुभव लिहिला: सहलीवर असताना घोडागाडीच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्यांच्या संशोधनातला एक महत्त्वाचा दुवा लख्ख दिसला. ही गोष्ट सांगताना तिचा आधीचा भाग गळतो. त्याच विषयावर त्याआधी पंधरा दिवस ते रोज टेबलापाशी तास-दोन तास बसत होते, असंख्य जोडण्या करून बघत होते आणि काही साधत नव्हतं. प्रश्न आत घातलेला असेल तर विसाव्यात तो मुरतो. तुमच्या ११ महिन्यांत या कामाचा कुठलाही प्रश्न आत घातलेला नव्हता, मग मुरून वर काय येणार? तेव्हा रोज तास-दोन तास निष्फळ बसणं हा सध्या तुमच्या कामाचा रीतसर भाग समजा. त्यानंतर मात्र खरंच उठा, फिरून या.

आणि दिवस संपवताना काम अडलेलं सोडू नका. पुढची पायरी माहीत आहे अशा जागी थांबा, ती पायरी चिठ्ठीवर लिहा: ‘शीर्षक जाड अक्षरात करून बघणे’. सकाळी कोरी फाइल समोर येत नाही, चिठ्ठी येते. शिवाय त्या दिवशी काय पुढे सरकलं त्याची एक ओळ वहीत लिहा. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या संशोधकांनी २३८ जणांच्या कामाच्या जवळपास १२,००० रोजनिशी-नोंदी तपासल्या. मनाला उभारी देणाऱ्या दिवसांत सर्वाधिक वेळा आढळलेली गोष्ट होती, अर्थ वाटणाऱ्या कामात थोडी का होईना प्रगती. आपल्याला ती दिसत नाही, कारण संध्याकाळी न झालेलंच आठवतं.

किती दिवस लागतील? माझ्या पाहण्यात हात दोन ते चार आठवड्यांत चालू लागतो, सुचणं सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास परत येतं, आणि रिव्ह्यूत स्वतःच्या कामाची बाजू न डगमगता मांडायला तीन-चार महिने लागतात. तिसरा आठवडा बहुतेकांचा सर्वांत वाईट असतो, कारण स्वागत संपलेलं असतं, अपेक्षा सुरू झालेल्या असतात आणि हात अजून आलेला नसतो. तुम्ही नेमके तिथे उभे आहात. संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये साध्या रोजच्या सवयी अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं, तर मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. म्हणून माझे आठवडे कॅलेंडरवर लिहून त्यावर स्वतःला मोजू नका.

वरिष्ठांशी बोलायचं का, असंही तुम्ही विचारलंय. बोला, पण ‘मला सुचत नाहीये’ एवढ्यावर थांबू नका, कारण त्यावर ते काही करू शकत नाहीत. करता येण्यासारखं मागा: “पुढचे चार आठवडे मोठ्या ब्रीफवर मला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, दोन छोटी कामं पूर्ण माझ्यावर सोपवा, आणि पहिला रिव्ह्यू पेन्सिल स्केचवर घ्या.” स्केचवर रिव्ह्यू झाला की सफाईची भीती राहत नाही आणि गप्पा कल्पनेवर होतात. अशा मागणीला दुबळेपणा समजणारे वरिष्ठही असतात. तुमचे तसे असतील तर हेच कामाच्या नियोजनाच्या भाषेत मागा, कारण देऊ नका. मधल्या काळात बदललेल्या सॉफ्टवेअरचं दडपण घेऊ नका. हातातल्या कामाला लागतं तेवढंच शिका, टीममधल्या सगळ्यात धाकट्याला विचारा, पंधरा मिनिटांत दाखवेल.

एक वही मात्र आजपासून ठेवा, कारण तिची मुदत थोडी आहे. बाहेरून आल्यामुळे सध्या तुम्हाला टीममधलं असं काही दिसतंय जे इतरांना सवयीने दिसत नाही. मी परतले तेव्हा आमच्या बहुतेक मुखपृष्ठांवर शीर्षक वरच्या तिसऱ्या भागातच बसतंय हे मला पहिल्याच आठवड्यात खटकलं होतं. सहकाऱ्यांना ते दाखवेपर्यंत दिसत नव्हतं. मी ते लिहून ठेवलं, अडीच महिन्यांनी मांडलं आणि दोन मालिकांचं रूप त्यातून बदललं. लिहिलं नसतं तर तोवर मलाही सवय झाली असती.

त्या वहीची पहिली नोंद तर तुमच्याकडे तयार आहे. औषधाची पट्टी कापली की नाव निघून जातं, आणि थकलेल्या, घाबरलेल्या माणसाला मार्कर शोधावा लागतो. ११ महिने दिवसातून कितीदा तरी तुम्ही त्या पट्ट्या हाताळल्यात. रात्री मंद दिव्यात कोणतं अक्षर वाचता येतं, कोणते दोन रंग एकसारखे भासतात, थरथरत्या बोटांना कोणती फॉइल फोडता येत नाही, हे मला २४ वर्षं पॅकेजिंग करून माहीत नाही आणि तुम्हाला माहीत आहे. उद्या सकाळचे २० चौकोन त्या पट्टीवर काढा. क्लायंट नाही, डेडलाइन नाही, कुणाला दाखवायचीही गरज नाही. नाव प्रत्येक गोळीमागे यावं की तिरप्या ओळींत सलग फिरावं, इथून सुरुवात करून बघा.